अंगण खरेच वाकडे असेल तर?

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाला एकदा तरी ऐकून घ्यावी लागलेली असते. आम्हाला ती कोल्हापुरात, शाळेच्या प्रयोगशाळेत ऐकावी लागली. नववीचा वर्ग होता. तराजूवर एका पितळी दंडगोलाचे वस्तुमान काढायचे होते. इतर गटांचे उत्तर ५० ग्रॅमच्या आसपास येई, आमच्या गटाचे मात्र दर वेळी साडेपन्नास. तराजूतच काहीतरी दोष आहे असे आम्ही म्हणताच सरांनी ती म्हण ऐकवली आणि सगळा वर्ग हसला. रिकामी पारडी तर अगदी समतोल दिसत होती! मग गटातील एकाने सहज दंडगोल उजव्या पारड्यात आणि वजने डाव्या पारड्यात टाकली. या वेळी उत्तर आले साडेएकोणपन्नास.

पारडी बदलल्यावर उत्तर बदलते याचा अर्थ एकच : दांडीच्या दोन भुजा सारख्या लांबीच्या नव्हत्या. रिकाम्या पारड्यांचा तोल स्क्रू फिरवून साधता येतो, म्हणून दोष झाकला गेला होता. अशा तराजूनेही खरे वस्तुमान काढता येते. दोन्ही उत्तरांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यायचे. ५०.५ आणि ४९.५ यांवरून ते जवळजवळ बरोबर ५० ग्रॅम येते. पुढच्या तासाला सरांनी स्वतः पारडी बदलून पाहिली आणि सर्व वर्गाला ही रीत शिकवली. म्हण मात्र आमच्या मनात राहिली. अंगण वाकडे आहे, ही तक्रार बहुधा खोटी असते; पण ती खरी की खोटी हे ठरवायला अंगण मोजावे लागते.

या लेखात अशीच एक तक्रार करणाऱ्या माणसाची हकीकत सांगायची आहे. त्याची तक्रार होती गोल्फच्या काठीविषयी. गोल्फ हा आपल्या गल्लीतला खेळ नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण या काठीच्या इतिहासात वजन, तोल आणि जडत्व यांचा जो धडा दडलेला आहे, तो कोल्हापूरच्या कारखान्यांतही सापडतो आणि शाळेतल्या लाकडी पट्टीवरही दाखवता येतो.

खेळ आणि काठी

गोल्फ भारतात फार लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा; पुण्यातही १८८९ पासून हा खेळ खेळला जात आहे. चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा आणि कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असतो. दूरवर मैदानात १०८ मिलिमीटर व्यासाचा एक खळगा असतो. गोट्यांच्या खेळातल्या गलीसारखाच म्हणा ना. कमीत कमी फटक्यांत चेंडू त्यात घालवायचा. खळग्याभोवतालचे गवत अगदी बारीक कापलेले असते. चेंडू या हिरवळीवर पोचला की तो उडवायचा नसतो, हलक्या हाताने घरंगळत न्यायचा असतो. त्यासाठीच्या खास काठीला ‘पटर’ म्हणतात.

ही घरंगळत नेण्याची क्रिया दिसायला किरकोळ वाटते, पण १८ खळग्यांच्या मैदानासाठी चांगल्या खेळाडूचे प्रमाण साधारणतः ७२ फटके धरले, तर त्यांतील ३६ फटके, म्हणजे निम्मे, पटरचेच गृहीत धरलेले असतात. दोनशे मीटरचा फटका आणि अर्ध्या मीटरचा फटका यांची किंमत सारखीच. म्हणूनच नवशिक्याची सर्वांत जास्त फजिती हिरवळीवर होते.

जुने पटर म्हणजे काठीच्या टोकाला बसवलेली लोखंडाची चपटी पट्टी. काठी पट्टीच्या एका टोकाला जोडलेली असे आणि चेंडूला मारायचे ते पट्टीच्या मध्याने. यातला दोष समजण्यासाठी स्वयंपाकघरातली पळी घ्यावी. तिचा दांडा एका बोटावर आडवा तोलून धरा. पळीची वाटी आपोआप फिरून खाली लोंबते, कारण वाटीचा गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेवर नसतो. जुन्या पटरचेही तसेच होते. फटका मारताना पट्टी दांड्याभोवती फिरू पाहते आणि ती सरळ ठेवण्याचे काम मनगटाला करावे लागते.

एक बंदी

या दोषावर पहिला गाजलेला उपाय अमेरिकेत निघाला. न्यूयॉर्क राज्यातील शेनेक्टडी या गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आर्थर नाइट नावाचे गृहस्थ नोकरीला होते. त्यांनी ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा घेतला आणि दांडा त्याच्या टोकाऐवजी मध्याजवळ बसवला. दांड्याची रेषा गुरुत्वमध्याच्या जवळ आली आणि मनगटावरचे काम हलके झाले. १९०३ मध्ये त्यांना या रचनेचे पेटंट मिळाले.

पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, वॉल्टर ट्रॅव्हिस या अमेरिकन खेळाडूने इंग्लंडमधील सँडविच येथे ब्रिटिश हौशी अजिंक्यपद जिंकले. त्या वेळी त्याचे वय ४२ होते आणि वयाच्या पस्तिशीच्या सुमारास तो हा खेळ शिकला होता. हातात होता शेनेक्टडीचा पटर. एका परक्याने, तेही इतक्या उशिरा खेळू लागलेल्या माणसाने, असे यश मिळवावे हे यजमानांच्या पचनी पडणे अवघड होते. १९१० मध्ये खेळाचे नियम करणाऱ्या ब्रिटनमधील संस्थेने या जातीचे पटर नियमबाह्य ठरवले. अमेरिकेतील संस्थेने ते चालू ठेवले. परिणामी एकाच खेळाचे दोन देशांत दोन नियम झाले. ही तफावत १९५२ च्या एकत्रित नियमावलीने मिटवली आणि मध्यभागी दांडा असलेला पटर पुन्हा सर्वत्र वैध झाला.

या बंदीमागे एक प्रश्न होता आणि तो शिक्षकांनाही अपरिचित नाही. साधन सुधारून काम सोपे केले तर ते कौशल्य खरे मानायचे की नाही? गणकयंत्र परीक्षेत चालवायचे का, हा आपल्याकडील वाद त्याच कुळातला. त्याकडे आपण शेवटी वळू.

उद्यमनगरातले चाक

नाइट यांनी दांड्याची जागा बदलली, पण ठोकळ्यातील वजन कोठे असावे, हा प्रश्न शिल्लक राहिला. त्याचे उत्तर समजण्यासाठी आपण कोल्हापुरात परत येऊ.

येथील शिवाजी उद्यमनगरात विहिरींवरची आणि गुऱ्हाळांवरची ऑइल इंजिने दुरुस्त करता करता कारागीर ती घडवू लागले. त्यातून ओतकामाचा मोठा उद्योग उभा राहिला आणि पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत पसरला. या इंजिनाचे सर्वांत ठळक अंग म्हणजे त्याचे जड चाक, फ्लायव्हील. एका सिलिंडरच्या चार-धावी इंजिनात दट्ट्याच्या चार धावांपैकी एकाच धावेत शक्ती मिळते. उरलेल्या तीन धावा चाकाच्या जडत्वावर निभावून न्याव्या लागतात.

हे चाक नीट पाहिले तर त्याचे बहुतेक लोखंड परिघाच्या कड्यात असल्याचे दिसते. मधे फक्त आरे किंवा पातळ पत्रा. असे का? एखादी वस्तू फिरवायला किंवा फिरती वस्तू थांबवायला जो विरोध होतो, तो केवळ वस्तुमानावर ठरत नाही. ते वस्तुमान अक्षापासून किती दूर आहे यावरही ठरतो, आणि तोही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. अंतर दुप्पट केले की विरोध चौपट. या राशीला जडत्व आघूर्ण म्हणतात. तेवढ्याच लोखंडाची सारख्या जाडीची सपाट तबकडी ओतली, तर तिचे जडत्व आघूर्ण तितक्याच त्रिज्येच्या पातळ कड्याच्या निम्मे भरते. म्हणजे लोखंड न वाढवता, केवळ जागा बदलून दुप्पट काम करून घेता येते.

तालमीत मुद्गल फिरवणाऱ्यालाही हे हाताने ठाऊक असते. मुद्गल मुठीकडे धरून फिरवताना खांदा भरून येतो. तोच उलटा, जाड टोकाकडे धरला तर सहज फिरतो. मुद्गलाचे वजन तेच, त्याचे हातापासूनचे अंतर मात्र निराळे.

साखरेच्या वड्या आणि काड्या

आता तक्रार करणाऱ्या माणसाकडे वळू. कार्स्टन सोल्हाइम यांचा जन्म १९११ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे झाला. लहानपणीच ते आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेले. वडील चांभारकाम करीत. कार्स्टन यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू केले, पण मंदीच्या काळात ते सुटले आणि तेही चपला-बूट शिवू लागले. पुढे त्यांनी शिक्षणाचा धागा पुन्हा पकडला, विमानांच्या व क्षेपणास्त्रांच्या कारखान्यांत काम केले आणि १९५३ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत, म्हणजे नाइट यांच्याच कंपनीत, अभियंता म्हणून ते दाखल झाले. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून ते गोल्फ खेळू लागले. तेव्हा त्यांचे वय ४२ होते. ट्रॅव्हिसने ज्या वयात अजिंक्यपद मिळवले त्या वयात यांनी काठी हातात धरली!

हिरवळीवर त्यांची फजिती होऊ लागली. आपला हात वाईट आहे, हे मान्य करून सराव करणे हा सरळ मार्ग होता. त्यांनी सरावही केला, पण त्याबरोबर एक प्रश्न विचारला : चेंडू मध्याला न लागता थोडा बाजूला लागला, तर पटरचे डोके का फिरते? उत्तर उद्यमनगरातलेच आहे. वजन मध्याजवळ असेल तर डोके वळवणे सोपे जाते. मग वजन दोन टोकांना नेऊन ठेवले तर? साखरेच्या वड्या आणि आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून त्यांनी या कल्पनेचा नमुना करून पाहिला असे सांगतात. टोकांना जड वड्या, मधे नुसत्या काड्या. इंजिनाच्या चाकाचा एक सरळ केलेला तुकडाच तो!

१९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटी येथे, घराच्या गॅरेजमध्ये, त्यांनी पहिला पटर तयार केला. मधे पोकळ असल्यामुळे चेंडू लागताच त्यातून ‘पिंग’ असा आवाज येई. तेच त्याचे नाव पडले. जानेवारी १९६६ मध्ये त्यांना आणखी सुधारलेला आकार सुचला. हाताशी कागद नव्हता म्हणून तो त्यांनी ग्रामोफोनच्या तबकडीच्या वेष्टनावर काढला. पत्नी लुईज यांनी त्याला ‘उत्तर’ या अर्थाचे इंग्रजी नाव सुचवले. ते पटरवर मावेना, तेव्हा उच्चारात नसलेले एक अक्षर गाळून टाकण्याची युक्तीही त्यांचीच. १९६७ मध्ये या ‘आन्सर’ पटरचे पेटंट मिळाले, त्याच वर्षी ज्युलियस बोरोस याने तो वापरून फीनिक्सची स्पर्धा जिंकली, आणि सोल्हाइम यांनी नोकरी सोडली. २००० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या आकाराच्या नकला आजही अनेक कंपन्या विकतात.

हिशेब करून पाहू

टोकांना वजन दिल्याने नेमका किती फरक पडतो? सोयीसाठी पटरचे डोके १२ सेंटिमीटर लांबीचे आणि ३०० ग्रॅमचे मानू. चेंडू ४६ ग्रॅमचा. चेंडू आणि डोके यांचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो. एवढ्या वेळात हात काही सुधारणा करू शकत नाही. म्हणून आघातापुरते डोके मोकळे आहे असे समजायला हरकत नाही. घरंगळणारा चेंडू किती दूर जाईल हे त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असेही मानू.

पहिला पटर : वजन सर्व लांबीभर सारखे पसरलेले. त्याचे जडत्व आघूर्ण वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले १२, म्हणजे ३,६०० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर. चेंडू मध्यापासून २ सेंटिमीटर बाजूला लागला, तर डोके वळते आणि त्याचे वस्तुमान जणू ३०० ऐवजी २२५ ग्रॅमच कामी येते. मध्यावर लागलेला जो चेंडू १० मीटर गेला असता, तो सुमारे ८३ सेंटिमीटर अलीकडेच थांबतो.

दुसरा पटर : वजन तेवढेच, पण १५०-१५० ग्रॅमचे दोन तुकडे दोन टोकांना. जडत्व आघूर्ण १०,८०० होते, म्हणजे बरोबर तिप्पट. त्याच चुकीला आता २७० ग्रॅम कामी येतात आणि चेंडू सुमारे २९ सेंटिमीटर अलीकडे थांबतो.

तिसरा पटर : वजन पहिल्यासारखेच पसरलेले, पण ६० ग्रॅमने वाढवलेले. आता तूट सुमारे ७१ सेंटिमीटर येते. वजन एक पंचमांशाने वाढवून फक्त १२ सेंटिमीटर वाचले. वजन न वाढवता त्याची जागा बदलल्याने मात्र ५४ सेंटिमीटर वाचले. प्रत्यक्षातले पटर या पहिल्या आणि दुसऱ्या टोकांच्या दरम्यान कोठेतरी येतात. किती वजन, यापेक्षा कोठे वजन, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो असा.

मात्र याच हिशेबात दुसरी बाजूही आहे. चेंडू बरोबर मध्यावर लागला तर पहिला आणि दुसरा पटर यांत काहीही फरक नाही. ज्याचा फटका नेहमी मध्यावर बसतो, त्याला नव्या पटरचा उपयोग थोडा. ज्याचा हात चुकतो, त्याला जास्त. शिवाय हिरवळीचा उतार ओळखणे, चेंडू कोणत्या दिशेने आणि किती जोराने सोडायचा हे ठरवणे, यांतले काहीही पटर करीत नाही. तो चूक क्षमा करतो, कौशल्य देत नाही.

नियम करणाऱ्यांनीही काळाच्या ओघात हाच भेद केलेला दिसतो. दूरच्या फटक्याच्या काठीसाठी, म्हणजे ड्रायव्हरसाठी, जडत्व आघूर्णाची कमाल मर्यादा ५,९०० ग्रॅम-वर्ग सेंटिमीटर ठरवलेली आहे. पटरला ती लागू नाही. उलट, पटरची मूठ पोटाला किंवा छातीला टेकवून मारण्यास १ जानेवारी २०१६ पासून मनाई झाली, कारण त्यात हाताने करायचे कामच शरीराच्या आधारावर सोपवले जाते असे मानले गेले. मर्यादा कोठे आखावी याबद्दल मतभेद राहतील. पण १९१० मध्ये केवळ नव्या आकारावर उगारलेली बंदी आणि हा विचार, यांत अंतर आहे हे मान्य करावे लागेल.

वर्गात करून पाहण्यासारखे

हे सारे दाखवायला गोल्फची गरज नाही. ३० सेंटिमीटरच्या दोन सारख्या लाकडी पट्ट्या आणि घड्याळात घालतात तसे चार सारखे सेल घ्यावेत. एका पट्टीवर दोन सेल मध्याला लागून दोन्ही बाजूंना दोऱ्याने बांधावेत, दुसरीवर दोन सेल दोन टोकांना. दोन्ही पट्ट्यांचे वजन सारखे आहे हे विद्यार्थ्यांना हातात देऊन खात्री करून घ्यावी. मग पट्टी मध्ये धरून मनगटाने इकडेतिकडे वळवायला सांगावे. फरक लगेच हाताला कळतो.

याच पट्ट्या सारख्या लांबीच्या दोऱ्याने मध्यातून आडव्या टांगाव्यात, दोन पूर्ण वेढे पीळ देऊन सोडाव्यात आणि उलट-सुलट फिरण्याचा काळ घड्याळाने मोजावा. टोकांना सेल असलेली पट्टी स्पष्टपणे सावकाश फिरते. हा काळ जडत्व आघूर्णाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दहावीच्या पुढील विद्यार्थ्यांना दोन काळांच्या गुणोत्तराचा वर्ग करून जडत्व आघूर्णांचे गुणोत्तर काढायला सांगता येईल. मात्र त्यात पट्टीचे स्वतःचे जडत्वही मिसळलेले असते, हे त्यांनीच शोधून काढावे.

आणि एक प्रयोग शिक्षकांनी स्वतःसाठी करावा. प्रयोगशाळेतील प्रत्येक तराजूची पारडी एकदा बदलून पाहावी.

सोल्हाइम यांची तक्रार खरी निघाली म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याची तक्रार खरी असते असे नाही. बहुतेक वेळा अंगण सरळच असते आणि पावलेच शिकवावी लागतात. पण सोल्हाइम यांनी नुसती तक्रार केली नाही. अंगण किती आणि का वाकडे आहे ते मोजले, आणि मग ते सरळ केले. आपल्या वर्गात एखादे मूल ‘सर, तराजू चुकतोय’ असे म्हणेल, तेव्हा म्हण ऐकवण्याआधी त्याच्या हाती मोजपट्टी द्यावी. तक्रार खोटी असेल तर ते मूल मोजमाप शिकेल. खरी असेल, तर सगळा वर्ग शिकेल. आमच्या सरांच्या वर्गात झाले तसे.